वलय मिटले आहे का?

प्रवाळभित्तिकेवरचे मासे ओळखताना नुसत्या रंगावर विसंबून चालत नाही, आणि याचा सर्वांत ठळक प्रत्यय मला दक्षिण अंदमानात वंडूरजवळच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात आला. तळाशी 50 मीटरची फीत अंथरून तिच्या दोन्ही बाजूंचे मासे आम्ही पाटीवर नोंदवत होतो. उथळ पाण्यातच, मेलेल्या टेबल प्रवाळाच्या सावलीत, बोटाएवढा गडद निळा मासा आत-बाहेर करत होता. अंगावर पांढऱ्या रेषा होत्या. गालावरचा मागे वळलेला काटा दिसला आणि तो बटरफ्लायफिश नसून एंजलफिश आहे, एवढे लगेच ठरले.

खरा प्रश्न त्यापुढचा होता. एंजलफिशच्या पोमॅकँथस या प्रजातीतल्या निदान तीन जातींची पिल्ले या पाण्यात भेटू शकतात आणि तिन्ही गडद निळी, फिकट रेषांचीच असतात. ॲन्युलॅरिसच्या रेषा जवळजवळ सरळ उभ्या असतात, सेमिसर्क्युलॅटसच्या कमानीसारख्या वाकून शेपटीकडे उघड्या राहतात, तर इम्परेटरच्या रेषा शेपटीच्या अलीकडे मिटून पूर्ण वलय करतात. सहकारिणीने सेमिसर्क्युलॅटस लिहायला पेन्सिल टेकवली होती. मी खुणेनेच तिला थांबायला सांगितले. मासा तोंड आमच्याकडे करून होता, तोवर काहीच ठरवता येत नव्हते. आम्ही श्वास संथ ठेवून तळाशी स्थिर राहिलो. शेवटी तो कपारीत शिरण्यासाठी वळला आणि शेपटीच्या मुळाशी बारीक, पांढरे, पूर्ण मिटलेले वलय स्वच्छ दिसले. तो इम्परेटर, म्हणजेच एम्परर एंजलफिश होता.

या पिल्लाने तज्ज्ञांनाही चकवले आहे. प्रौढ माशाचे वर्णन मत्स्यशास्त्रज्ञ ब्लॉख यांनी 1787 मध्ये केले, तरी 1801 च्या ब्लॉख आणि श्नायडर यांच्या ग्रंथात पिल्लाला 'निकोबारिएन्सिस' ही वेगळी जात मानले गेले. त्यात नवल नाही, कारण सुमारे 40 सेंटीमीटरपर्यंत वाढणारा प्रौढ मासा पिवळ्या-निळ्या आडव्या पट्ट्यांचा असतो आणि त्याच्यात पिल्लाचा मागमूसही उरत नाही.

त्याच दिवशी, भित्तिकेच्या बाहेरच्या उतारावर, आम्हाला मधल्या अवस्थेतला मासाही भेटला, हे मी मोठे भाग्य समजतो. मागच्या भागात वलयाचे पुसट अवशेष होते आणि त्यांच्यावरूनच पिवळे पट्टे उमटू लागले होते. तिथून पुढे, प्रवाळांनी भरलेल्या कड्याखालच्या गुहेत, एका प्रौढाने आम्हाला पाहून ठक्-ठक् असा खोल आवाज केला; बिथरलेला एम्परर असाच आवाज करतो.

एकाच जातीची तीन रूपे तीन निरनिराळ्या अधिवासांत सापडल्यावर केवळ जातीचे नाव लिहिणे मला अपुरे वाटले. पिल्लाला कपार हवी, मग ती मेलेल्या प्रवाळाची का असेना. मात्र तो सांगाडा लाटांनी ढासळला की आसराही जातो. म्हणून आमच्या नोंदपत्रकात आम्ही माशाची अवस्था, खोली आणि आसऱ्याचा प्रवाळ जिवंत की मृत, असे तीन रकाने वाढवले.