धक्के देत राहिलं तर रेणू तुटत का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लेझरची एक पल्स (प्रकाशाचा क्षणिक झोत) रेणूला फिरवते, मग पल्समागून पल्स मारत राहिलं तर तो गरगरून शेवटी तुटायला नको का? प्रश्न रास्त आहे. मलाही आधी तसंच वाटायचं.

नायट्रोजन घ्या, दोन अणूंचं डंबेल. काही फेमटोसेकंदांची (एक फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग) पल्स येते, तिचं विद्युत क्षेत्र डंबेलला आपल्या दिशेला ओढतं. पल्स जाते, फिरकी उरते. पण ही फिरकी पायऱ्यापायऱ्यांनीच वाढते. पायरीचा क्रमांक गुणिले त्याच्या पुढचा क्रमांक, या प्रमाणात तिची ऊर्जा. रेणू क्वांटम नियमांनी, म्हणजे लहरीसारखा वागतो, म्हणून तो एकाच वेळी अनेक पायऱ्यांवर असतो आणि प्रत्येक पायरीचं घड्याळ वेगळ्या वेगानं चालतं. आता गंमत बघा: लागोपाठच्या दोन आकड्यांचा गुणाकार सम येतोच, कारण त्यातला एक सम असतोच. एवढ्या शाळकरी कारणानं साधारण ८.४ पिकोसेकंदांनी (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेमटोसेकंद) सगळ्या घड्याळांचे काटे पुन्हा एका जागी येतात. या ठेक्यावर धक्के दिले, की झोका चढावा तशी ऊर्जा चढते. (तीही कायमची नाही. वेग वाढला की बंध ताणला जातो आणि ठेका घसरतो.)

धक्के समान अंतरानेच, पण या ठेक्याला सोडून दिले तर? न्यूटनच्या नियमांनी चालणारं डंबेल कधी पुढे, कधी मागे ढकललं जाऊनही सरासरीनं ऊर्जा साठवतच राहिलं असतं. रेणू मात्र थोडे धक्के खातो आणि मग ढिम्म. वरच्या पायऱ्यांकडे जाणाऱ्या लहरी एकमेकींना खोडतात. अव्यवस्थित स्फटिकात, म्हणजे अणूंची रचना विस्कटलेली असेल तिथे, इलेक्ट्रॉन असाच अडकतो, हे भौतिकशास्त्रज्ञ अँडरसननी १९५८ मध्ये दाखवलं होतं. फिशमन, ग्रेम्पेल आणि प्रँज या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये धक्के खाणाऱ्या फिरकीचं अडकणं आणि इलेक्ट्रॉनचं अडकणं यांचं नातं जोडलं. नायट्रोजनच्या रेणूंत हे अडकणं प्रयोगात दिसल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातला मला सर्वात आवडलेला भाग म्हणजे, धक्क्यांची शिस्त मुद्दाम बिघडवली की अडकलेली ऊर्जा पुन्हा वाढू लागते! लहरींचा एकमेकींशी मेळच राहत नाही, मग खोडणार कोण?

आणि तोडायचाच असेल, तर धक्के सोडा. प्रकाशाच्या ध्रुवणाची, म्हणजे त्याचं विद्युत क्षेत्र ज्या दिशेत हलतं ती दिशाच वाढत्या वेगानं फिरवायची, रेणू तिला धरून फिरतो. २००० मध्ये क्लोरीनचे रेणू असेच फिरवत नेले, तेव्हा बंध तुटून दोन अणू दोन दिशांना गेले.