९७ नंतरचा खंड

दादरच्या फलाटावर उभे असताना गाडीच्या पाटीवर ‘डहाणू रोड’ ही अक्षरे दिसली की मला हमखास द. रा. कापरेकर आठवतात. त्यांचा जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. पुढे देवळालीत शाळामास्तर म्हणून नोकरी करीत त्यांनी ज्या स्वयंभू संख्यांचा अभ्यास केला, त्यांतल्या मूळ संख्यांनी गेला महिनाभर माझी वही भरत आली आहे.

कोणतीही संख्या घ्यावी आणि तिच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवावी. ३४ मध्ये ७ मिळवले की ४१ होतात, म्हणून ३४ हा ४१ चा जनक. ज्या संख्येला असा जनकच नाही, ती स्वयंभू. (१०१ ला मात्र ९१ आणि १०० असे दोन जनक आहेत.) शंभराच्या आतल्या २५ मूळ संख्यांपैकी ३, ५, ७, ३१, ५३ आणि ९७ या सहाच स्वयंभू आहेत.

जनक नाही हे ठरवायला फार खटपट लागत नाही. संख्येला आणि तिच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागले तर बाकी सारखीच उरते, त्यामुळे जनकाची दुप्पट आणि त्याच्यापासून झालेली संख्या यांचीही बाकी एकच असते. ९७ ची बाकी ७, म्हणून जनकाची ८ च हवी. शिवाय दोन अंकांची बेरीज १८ पेक्षा जास्त होत नसल्याने ८० आणि ८९ एवढेच उमेदवार उरतात, आणि त्यांच्यापासून ८८ व १०६ होतात.

९७ नंतरची स्वयंभू मूळ संख्या थेट २११. मधल्या २१ मूळ संख्यांपैकी एकही स्वयंभू का नसावी, हे मला बरेच दिवस उमगत नव्हते. ९ पासून १०८ पर्यंत स्वयंभू संख्या अकरा-अकराच्या अंतराने येतात, मग एकदाच दोनचे पाऊल पडून ११० येते, आणि तिथून २०९ पर्यंत पुन्हा अकराचेच अंतर असल्यामुळे ही सगळी रांग अकराच्या पाढ्यातच सापडते. तिच्यात मूळ संख्या असणारच कशी! २०९ नंतर पुन्हा दोनचे पाऊल पडते, अकराने भागून बाकी २ उरू लागते, आणि २११, २३३, २७७ मिळतात. ३१२ पासूनच्या रांगेत बाकी ४ आहे, आणि तिथे ३६७ व ३८९ सापडल्या.