दोन प्यादी तोट्यात

आमच्या पतसंस्थेत मी जमाखर्च बघते. संध्याकाळी रोकड जुळली नाही, की दहा रुपयांसाठीही कुणी घरी जात नाही. ही सवय बुद्धिबळाच्या पटावरही माझ्याबरोबर येते. प्यादं गेलं की जीव खालीवर होतो आणि पुढच्या चार चाली ते परत कसं मिळेल, यातच जातात. शनिवारी माझ्याशी खेळायला येणारा शेजारचा आठवीतला मुलगा मला सरळ म्हणाला होता, "काकू, तुम्ही खेळत नाही, प्यादी मोजता."

त्याआधी मी वर्षभर ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचे, व्हिडिओ बघत होते. पंधरा चालींत मात वगैरे. पण समोरचा त्या सापळ्यात शिरतच नाही, आणि सोळाव्या चालीला आपण रस्ता विचारत उभे. मग व्हिडिओ बंद केले आणि एकच डाव घेऊन बसले : कापाब्लांका विरुद्ध तार्ताकोवर, न्यूयॉर्क, १९२४. कापाब्लांका तेव्हा जगज्जेता होता, तरी त्याच स्पर्धेत रेती नावाच्या खेळाडूनं त्याला हरवलं होतं. आठ वर्षांतला त्याचा तो पहिला पराभव. स्पर्धा शेवटी माजी जगज्जेत्या लास्करनं जिंकली.

पद्धत साधी. चाली वहीत उतरवल्या, वर जुनं पासबुक झाकण म्हणून ठेवलं, गुंडाळायचा पट स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला. विसाव्या चालीपासून पांढऱ्याची, म्हणजे कापाब्लांकाची, प्रत्येक चाल आधी मी ठरवायची, का ते एका ओळीत लिहायचं आणि मगच पासबुक खाली सरकवायचं. मोबाईलवरचं चाल सुचवणारं इंजिन पहिले तीन आठवडे उघडायचं नाही, हा नियम. (दोनदा मोडला. दोन्ही वेळा उत्तर कळलं, पण डोक्यात काही राहिलं नाही.) तेहतीस चालींपैकी पहिल्या फेरीत माझ्या अकरा जुळल्या, आणि त्यातल्या निम्म्या तर मारामारीच्या, दुसरं काही खेळताच येत नव्हतं अशा.

अडकले ती पस्तिसाव्या चालीला. दोघांकडे एकेक हत्ती, पाच-पाच प्यादी. (पटाचे उभे रकाने ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याच्या बाजूनं १ ते ८.) पांढऱ्याचा राजा एफ३ वर, हत्ती एच७ वर, प्यादं जी५ वर. काळ्याचा हत्ती सी६ वरून सी३ च्या प्याद्यावर डोळा ठेवून. ते प्यादं वाचत नाही, हे मलाही दिसत होतं. म्हणून मी लिहिलं : राजा ई२, मग डी२, नुकसान एवढ्यावरच थांबवा. पासबुक सरकवलं तर राजा जी३! पटाच्या मधे येण्याऐवजी तो उलट्या बाजूला निघालेला. काळ्यानं सी३ चं प्यादं खाऊन शह दिला, राजा एच४. पुढे एफ४ चंही प्यादं शहासकट गेलं, राजा जी५. मधल्या काळात पांढऱ्यानं काय मिळवलं? जी६ वर सरकवलेलं एक प्यादं. माझ्या हिशेबात पाचास तीन, म्हणजे दोन तोट्यात. आमच्या साहेबांनी असं कर्ज मंजूर केलं नसतं.

एकोणचाळिसावी चाल मी चार दिवस बघत होते. एफ५ वर काळ्याचं प्यादं राजाच्या शेजारीच, फुकट. मी ते खाल्लं. कापाब्लांकानं खाल्लं नाही, राजा एफ६. कारण तेच प्यादं आता त्याची छत्री होतं, एफच्या पट्टीतून शह येणं बंद. आणि धमकी काय, तर हत्ती एच८, मात. काळ्याचा राजा जी८ ला पळाला, आणि मग वसुली सुरू झाली : सी७, एफ५, ए७, डी५. पाचांपैकी चार प्यादी गेली. बावन्नाव्या चालीला तार्ताकोवरनं डाव सोडला.

वहीत मी समासात लिहिलंय, 'राजा कुठे उभा आहे ते आधी बघ, प्यादी नंतर मोज.' हे वाक्य दहा ठिकाणी वाचलं असतं तरी चार दिवस चुकल्याशिवाय मला पटलं नसतं.

गेल्या शनिवारी त्या मुलाशी खेळताना डावाच्या शेवटी असेच हत्ती उरले. मी एका प्याद्यानं मागे. हात सवयीनं हत्तीकडे गेला होता, बचाव करायला. मागे घेतला आणि राजा चालवत सहाव्या ओळीत नेला. पोराचं पुढचं प्यादं खाल्लं नाही, छत्री म्हणून ठेवलं. फक्त बाजूनंही शह येतात, हे विसरले. पोरानं आडवे शह देत देत मला हैराण केलं. बरोबरी.

"काकू, प्यादं का नाही खाल्लंत?" तो म्हणाला.

मी मोहरे परत डब्यात भरले नाहीत. पांढरा राजा एफ३ वर ठेवला, हत्ती एच७ वर, आणि त्याला म्हटलं, "आता पांढऱ्याची चाल आहे. तू काय खेळशील?"

त्यानं राजा उचलला आणि ई२ वर ठेवला.