जेन टेनिसन, आई आणि मी

शनिवार, रात्र.

पावसानं नुसता वैताग आणलाय. कोर्टातून येताना सीपीआर हॉस्पिटलच्या चौकात छत्री उलटी झाली, ती तशीच घेऊन घरी. कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आल्यापासून आम्हा वकिलांना शनिवारसुद्धा अपुरा पडतो. तरी आज ठरवून फायली बाजूला ठेवल्या आणि लॅपटॉप टीव्हीला जोडून आईला ‘प्राइम सस्पेक्ट’ दाखवलं.

१९९१ साली ब्रिटनच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजननं काढलेली मालिका. लेखन लिंडा ला प्लांटचं, पोलीस अधिकारी जेन टेनिसन झालीये हेलन मिरेन. पहिली गोष्ट दोन भागांत संपते. आईचं इंग्रजी बेताचं, म्हणून मी मधे मधे थांबवून सांगत होते. थोड्या वेळानं तीच म्हणाली, “गप बस गं, कळतंय मला सगळं.”

कळणारच. खुनाचा तपास करणारा शेफर्ड हार्ट अटॅकनं जातो आणि टेबलाशी बसवून ठेवलेली टेनिसन तपास मागून घेते. मृतदेहाची ओळखच चुकलीय हे तिच्या लक्षात येतं. संशयित जॉर्ज मार्लो तर सुरुवातीपासून समोरच आहे. जीव टांगणीला लागतो तो दुसऱ्याच गोष्टीवर: हे लोक हिला काम करू देणार का? सार्जंट ऑटली आपल्या मेलेल्या साहेबाची लफडी झाकायला धडपडतो, ते आईनं संवाद न कळता ओळखलं. “ह्यो दगा देणार बघ.” उभी नोकरी तिनं एका संस्थेच्या हिशेब विभागात काढली. कुठली वही कधी ‘सापडत नाही’ हे तिला कुणी शिकवायला नको.

आणि तो जेवणाचा प्रसंग! टेनिसनच्या जोडीदाराकडं धंद्यातली माणसं जेवायला येणार, स्वयंपाक हिनं करायचा, आणि ही ऑफिसात अडकलेली. आई पुढं सरकून बसली. “आता हा बाबा तोंड पाडणार.” पाडलंच त्यानं. पुढं सोडूनही गेला. आईचं म्हणणं, चार माणसांचं जेवण बाहेरून मागवलं असतं तर काय बिघडलं असतं? मला मात्र ला प्लांटचं कौतुक वाटलं. तिनं हे हवेतून आणलेलं नाही. जॅकी माल्टन नावाच्या खऱ्या महिला पोलीस अधिकाऱ्याबरोबर बसून तिनं टेनिसन घडवली.

माझा सगळ्यात आवडता भाग चौकशीच्या खोलीतला. मार्लोचा वकील शेजारी बसलेला, बोलणं टेप होतंय. मुदत संपते, पुरावा पुरत नाही, मार्लोला सोडावं लागतं. आपल्याकडच्या मालिकांत इन्स्पेक्टर एक मुस्काडीत ठेवून देतो आणि गुन्हेगार घडाघडा बोलतो. अहो, पोलिसापुढच्या त्या कबुलीची कोर्टात किंमत शून्य! जुन्या पुरावा कायद्याचं २५ वं कलम, नव्या अधिनियमात २३ वं. इथं खटला फिरतो तो मार्लोच्या बाईमुळं. मोयरा त्याच्यासाठी खोटं सांगत असते. मग तिच्यापुढं मेलेल्या मुलींचे फोटो येतात. ती बघत राहते आणि त्याची पाठराखण सोडते. त्या वेळी मी आईकडं बघितलं. ती टीव्हीकडं न बघता पदराचं टोक पिळत होती.

मग अर्थात गावितांचा विषय निघाला. कोल्हापुरात नव्वदच्या दशकात लहान असलेल्या कुणालाही तो चुकत नाही. अंजनाबाई आणि तिच्या दोन मुली, रेणुका आणि सीमा. मुलं पळवायच्या, चोरीला वापरायच्या, मग मारायच्या. १९९६ साली पकडल्या गेल्या. आई मला शाळेच्या फाटकात सोडून, मी वर्गात गेलेली दिसेपर्यंत हलत नसे. अंजनाबाई खटल्याआधीच तुरुंगात मेली. त्या खटल्यातही घरातलाच माणूस फुटला: रेणुकाचा नवरा किरण शिंदे माफीचा साक्षीदार झाला. २००१ साली इथल्याच कोर्टानं दोघी बहिणींना फाशी सुनावली आणि दयेच्या अर्जाला झालेल्या उशिरामुळं २०२२ साली उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली. आई अजून त्या निकालावर माझ्याशी भांडते, जणू मीच दिला!

“थांब, मी चहा ठेवतो,” म्हणून ती उठली आणि आतूनच विचारलं, “पुढं काय झालं गं त्या टेनिसनचं?”

पुढं पंधरा वर्षं मालिका अधूनमधून येत राहिली, २००६ पर्यंत. मिरेनला ओळीनं तीन बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचे टीव्ही पुरस्कार, मिळाले. आणि शेवटी टेनिसन कशी दाखवली? एकटी, दारूच्या आहारी गेलेली, निवृत्तीला टेकलेली. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. पुरुष डिटेक्टिव्हनं बाटली काढली की तो खोल माणूस, आणि बाईनं काढली की तिनं नोकरी केल्याचं प्रायश्चित्त. मिरेन इतकं खरं करते की ते लगेच खुपत नाही, एवढंच. केस मात्र ती शेवटपर्यंत तडीस नेते. सहकाऱ्यांनी निरोपाची पार्टी ठेवलेली असते, ती तिकडं न जाता सरळ निघून जाते.

हे सगळं आईला सांगितलं. मला वाटलं, हळहळेल.

“बरं केलं की,” कप माझ्या हातात देत ती म्हणाली. “माझ्या निरोपाला मी गेलो होतो. भाषणं ऐकून डोकं उठलं नुसतं.”