टॅगिंग अपडेट: डेफ लेपर्डचा फोल्डर एकदाचा बंद, आणि एक नवीन फील्ड उघडलं

मंडळी, माझ्याकडच्या जुन्या रॉक-मेटल अल्बमच्या फाइल्सना जॉनरचे (संगीतप्रकाराचे) टॅग लावायचं काम चाललंय, त्यात डेफ लेपर्ड हा ब्रिटिश बँड झाला. म्हणजे फोल्डर झाला, त्यांना ग्लॅम म्हणायचं की नाही हा वाद नाही संपला. मागच्या अपडेटनंतर रॅट, डॉकन, विंगर असे सोपे सोपे उरकून घेतले त्यामुळे काम पुढे सरकल्यासारखं दिसत होतं, पण खरं घोडं इथेच पेंड खात होतं.

जुन्या लोकांना माहितीये, सुरुवातीला नियम होता एक बँड एक जॉनर. तो पँटेराने मोडला. १९८३, ८४, ८५ अशी सलग तीन वर्षं तीन अल्बम, फुगवलेले केस, स्पँडेक्स, सगळं साग्रसंगीत, आणि १९९० ला काउबॉइज फ्रॉम हेल, एकदम जड मेटल. 'पँटेरा, ग्लॅम मेटल' एवढाच स्क्रीनशॉट मी ग्रुपवर टाकला तर आपला नागपूरचा थ्रॅशवाला भिडू दोन दिवस बोलला नाही. तेव्हापासून टॅग अल्बमला लागतो, बँडला नाही, हे सगळ्यांना मान्य आहे.

पण डेफ लेपर्ड अल्बमवार घेऊनही सुटेना राव. ऑन थ्रू द नाइट सोपा, १९८०, शेफील्डची पोरं, प्रोड्युसर टॉम अ‍ॅलम म्हणजे जुडास प्रीस्टवालाच, डोळे मिटून न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल लिहा (गायक जो इलियटला आवडो न आवडो). हाय अँड ड्राय पण सोपा, प्रोड्युसर मट लँग नुकताच एसी/डीसीचा बॅक इन ब्लॅक करून आलेला आणि ते गिटारच्या प्रत्येक रिफमध्ये ऐकू येतं, हार्ड रॉक, पुढे चला. पायरोमेनियापासून गडबड सुरू होते. आणि हिस्टेरिया, १९८७, त्याच्यापाशी मी जो बसलो तो बसलोच.

दादरच्या काकांचा फॉर्म्युला तुम्हाला पाठ असेल: केस, एमटीव्ही, बॅलड (संथ, भावुक गाणं) आणि ८३ ते ९१ मधलं साल, चारपैकी तीन जुळले की हेअर मेटल (ग्लॅम मेटलचंच दुसरं नाव), विषय संपला. काका, तुमच्याबद्दल आदर आहे पण हा फॉर्म्युला लावला तर मेटालिकाचा ब्लॅक अल्बम चारपैकी चार मार्कांनी पास होतो. केस आहेत, एमटीव्ही आहे, नथिंग एल्स मॅटर्स आहे, साल १९९१ आहे. हे बोलल्यावर काका म्हणाले "मग तो पण टाक," आणि नागपूरकर परत गायब. उलट टेस्ला हा बँड बघा, सॅक्रामेंटोची माणसं, स्टेजवर जीन्स आणि टी-शर्ट, मेकअपचा पत्ता नाही, १९९० ला अख्खा अकूस्टिक लाइव्ह अल्बम काढला, तरी काकांच्या हिशोबात हेअर मेटल कारण लव्ह साँग नावाचं बॅलड आहे. मला हे पटत नाही, आणि टेस्लावाल्यांना तर मुळीच पटणार नाही.

म्हणून ठरवलं फोटो बाजूला ठेवायचे. भाचा सुट्टीला आलेला, वय १९, के-पॉप ऐकतो, यातल्या एकाचाही चेहरा त्याला माहीत नाही. त्याला हेडफोन लावून बसवला आणि सांगितलं की नाव विचारायचं नाही, जे सारखं वाटेल ते एकत्र ठेव. मोटली क्रूचा शाउट अ‍ॅट द डेव्हिल त्याने सरळ जुडास प्रीस्टशेजारी ठेवला. सिंड्रेलाचा लाँग कोल्ड विंटर एरोस्मिथजवळ, आणि हे त्याने सिंड्रेला हे नाव न वाचता केलं म्हणून मला फार आनंद झाला, कारण ब्लूज ब्लूज म्हणून मी बोंबलतोय ते याच अल्बमसाठी. क्वीन्सराइखच्या रेज फॉर ऑर्डरला त्याने वेगळंच बसवलं, "हे कुठेच बसत नाही मामा." बरोबर आहे. त्या अल्बमच्या वेळचे फोटो बघितले तर सनसेट स्ट्रिप (लॉस एंजेलिसमधला ग्लॅमवाल्यांचा रस्ता), आवाज ऐकला तर प्रोग्रेसिव्ह रॉक.

आणि हिस्टेरियाला काय म्हणाला? "मामा हे तर पॉप आहे, फक्त गिटार आहे त्यात."

आता चिडायचं नाही, त्याचं म्हणणं नीट बघायचं. त्या अल्बमवर बरीचशी गिटार अँपसमोर माइक लावून रेकॉर्डच केलेली नाही, रॉकमन वापरलाय, बोस्टनच्या टॉम शोल्झने बनवलेली ती हेडफोनवर वाजवायची डबी. काही ठिकाणी कॉर्ड एका फटक्यात न वाजवता एकेक स्वर वेगळा रेकॉर्ड करून रचलाय. ड्रम्स फेअरलाइट नावाच्या सॅम्पलर मशीनमधून. (ड्रमर रिक अ‍ॅलनचा हात गेला ३१ डिसेंबर १९८४ ला हे खरं, पण फेअरलाइटचे ड्रम सॅम्पल पायरोमेनियावर आधीच होते, तेव्हा 'हात गेला म्हणून मशीन आलं' ही स्टोरी प्लीज परत कोणी टाकू नका.) लँगला हवं होतं मायकल जॅक्सनच्या थ्रिलरचं रॉक व्हर्जन, प्रत्येक गाणं सिंगल म्हणून चालेल असं, आणि सात सिंगल काढलेही. पायरोमेनियाला अमेरिकेत दोन नंबरवर थ्रिलरनेच अडवलेलं, त्याचा हा बदला म्हणा. तर भाच्याचा कान खोटं बोलत नाहीये. पण म्हणून मी तिथे पॉप लिहिणार नाही, माझं घर आहे.

तर मग ग्लॅम? इथे मला जे सापडलं त्याच्यासाठी हे सगळं लिहितोय.

जो इलियट कायम सांगत आलाय की आम्हाला त्या लॉस एंजेलिसवाल्यांत मोजू नका. ठीक. पण हाच माणूस पोरवयापासून टी. रेक्स, मॉट द हूपल, बोवी, स्वीट यांचा भक्त. रॉकेट हे गाणं नीट ऐका, सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश ग्लॅमला नुसता नमस्कार आहे तो. पुढे स्वीटचं अ‍ॅक्शन कव्हर केलं. २००६ ला या! नावाचा अख्खा कव्हर अल्बम, त्यात टी. रेक्स, स्वीट, डेव्हिड एसेक्स. ते टाळ्यांचं स्टॉम्प आणि दहा माणसं एकदम ओरडल्यासारखा कोरस, ते सगळं १९७३ च्या ब्रिटिश सिंगल्समधून आलंय. म्हणजे मेकअप नसलेला बँड आवाजाने खरा ग्लॅम, आणि रॅटसारखा बँड, ज्याला आपण झोपेतही ग्लॅम म्हणू, त्याच्या गिटारमध्ये ब्रिटिश ग्लॅमवाल्या स्लेड-स्वीटचा मागमूस नाही, तिथे सगळं व्हॅन हेलन आणि एरोस्मिथ. एकाच शब्दात दोन वेगळ्या वंशावळी कोंबल्यात म्हणून भांडण मिटत नाही. डिस्कॉग्स या रेकॉर्ड्सच्या ऑनलाइन यादीवर पण तेच, 'ग्लॅम' नावाची एकच स्टाइल, टी. रेक्स पण तिथेच आणि पॉयझन पण तिथेच.

म्हणून आता दोन फील्ड: जॉनर फक्त आवाजावरून, आणि 'देखावा' वेगळं कस्टम फील्ड. हिस्टेरिया: जॉनर पॉप मेटल, देखावा रिकामा. शाउट अ‍ॅट द डेव्हिल: जॉनर हेवी मेटल, देखावा ग्लॅम. काय सुटसुटीत वाटलं म्हणून सांगू, संध्याकाळभर नुसता कॉलम सॉर्ट करत बसलो.

आणि हे टाइप करता करता अजून एक सुचलं, थांबा. वंशावळ कळायची सोपी खूण म्हणजे बँडने कव्हर कोणाचं केलं. क्वाएट रायट: स्लेड, आणि त्याच गाण्याच्या जोरावर मेटल हेल्थ नोव्हेंबर १९८३ ला बिलबोर्डवर एक नंबर. ब्रिटनी फॉक्स: स्लेड. ग्रेट व्हाइट: इयन हंटर (मॉट द हूपलचा गायक). हे तिन्ही ब्रिटिश ग्लॅमच्या खणात. ट्विस्टेड सिस्टरने केलं शँग्री-लाज, साठच्या दशकातला मुलींचा पॉप ग्रुप, आता हे विचित्र वाटतं, पण न्यूयॉर्क डॉल्स या तिथल्या ग्लॅम बँडचा दुसरा अल्बम प्रोड्युस केला शॅडो मॉर्टनने आणि शँग्री-लाजच्या मागे पण तोच माणूस, म्हणजे ही न्यूयॉर्कची वेगळीच शाखा झाली. हॅनोई रॉक्स: सीसीआर (क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल). गन्स एन रोझेस: एरोस्मिथ, रोझ टॅटू, नंतर १९९३ ला न्यूयॉर्क डॉल्स आणि बरंचसं पंक. माझ्याकडून त्यांचा अल्बम अ‍ॅपेटाइट ग्लॅममध्ये जाणार नाही ते याचसाठी, वेलकम टू द जंगलच्या व्हिडिओत अ‍ॅक्सलचे केस कितीही उभे असोत. ते देखाव्यात जातील.

तर 'कव्हर' हे तिसरं फील्ड. हो, झालेले सगळे फोल्डर परत उघडावे लागणार. बॉन जोव्हीच्या ऐंशीच्या दशकातल्या अल्बमना यात काय भरू कळत नाही, सध्या रिकामं.

टॅग लिहायच्या सॉफ्टवेअर टूल्सबद्दल थोडं. कस्टम फील्डसाठी एमपीथ्रीटॅगला तोड नाही, पिकार्ड अल्बम ओळखायला उत्तम पण जॉनर त्याच्या भरवशावर सोडू नका, लोकांनी मतं दिलेली असतात आणि लोक म्हणजे आपले काकाच. जुन्या एमपीथ्रींमध्ये आयडीथ्रीच्या (एमपीथ्रीत टॅग साठवायच्या पद्धतीच्या) पहिल्या व्हर्जनचे टॅग शिल्लक असतील तर ते आधी उडवा, त्या ८० जॉनरच्या ठरीव यादीत ग्रंज आहे, पोल्का आहे, ग्लॅम नाही! २.३ व्हर्जनमध्ये दोन कलाकार तिरकी रेघ मारून लिहायचे, म्हणून काही प्लेअर एसी/डीसीचे दोन कलाकार करतात, एसी वेगळा डीसी वेगळा. एमपीथ्रीऐवजी फ्लॅक फाइल्स ठेवा, सुखी राहा. फोनवरच्या एका प्लेअरने (नाव घेत नाही) अपडेटनंतर कस्टम फील्ड दाखवणंच बंद केलंय, त्यामुळे 'देखावा' सध्या फक्त लॅपटॉपवर.

लेपर्डवाल्यांना एक सूचना. रेकॉर्ड कंपनीशी पैशांवरून वाजलं तेव्हा २०१२ ला बँडने पोर सम शुगर ऑन मी आणि रॉक ऑफ एजेस पुन्हा रेकॉर्ड करून विकली होती, मूळचे अल्बम स्ट्रीमिंगवर आले ते २०१८ ला. त्या मधल्या काळात डिजिटल घेतलं असेल तर साल तपासा, १९८७ किंवा १९८३ लिहिलेलं असेल आणि फाइल २०१२ ची. हेडफोनवर मूळ गाण्याशी लावून ऐका, मूळ वजन नाही त्यात. रीमास्टरबद्दल माझं मत तेच, जुनी सीडी मिळाली तर सोडू नका, नवीन मास्टरमध्ये सगळं एका पातळीला दाबलेलं असतं आणि हिस्टेरियासारख्या थरावर थर रचलेल्या अल्बमचा त्यात चिखल होतो.

आपल्याकडच्या खणात रॉक मशीनचा रॉक एन रोल रेनेगेड (१९८८, मुंबई, पुढे १९९३ ला नाव बदलून इंडस क्रीड) अजून बिनटॅगचा पडलाय. काका, तुम्ही त्यांना रंगभवनला ऐकलंय, तुम्ही जॉनर सांगा, फक्त चारपैकी तीनवालं सोडून.

पुढचा फोल्डर व्हाइट लायन. गायक डेन्मार्कचा, बँड न्यूयॉर्कचा, आणि कव्हर फील्डात येतंय रडार लव्ह, १९७३, गोल्डन इअरिंग, डच. ब्रिटिश खण केला, न्यूयॉर्कचा केला, आता हॉलंडचा पण करू का? कोणाकडे दुसरा एखादा बँड असेल ज्याने डच काही कव्हर केलंय तर सांगा, एकट्या व्हाइट लायनसाठी खण उघडायचा जीवावर येतंय.