भाव पडला त्या दिवशीची बैठक

२००८ च्या डिसेंबरात पुण्यातल्या आमच्या भंगार दुकानात ठोक व्यापाऱ्याचा फोन आला. उद्यापासून पुठ्ठा आणि प्लास्टिक निम्म्या भावाने, पातळ पिशवी तर नकोच. मी तिथे हिशेब लिहायचो. दुकान सहकारी, कचरावेचक बायांच्याच मालकीचं. माल त्याच घालायच्या आणि वर्षअखेरीला उरेल तो बोनसही त्यांच्यातच वाटला जायचा.

भाव पडायचं कारण सातासमुद्रापलीकडचं होतं. जुलैत पिंपाला १४७ डॉलरवर गेलेलं कच्चं तेल डिसेंबरात चाळीसच्या खाली आलं. तेल उतरलं की कारखान्याला तेलापासून बनणारा प्लास्टिकचा नवा दाणाच परवडतो, वेचलेल्या प्लास्टिकला कोण विचारतो? चिनी कागद गिरण्यांची मागणी आटली, परदेशी रद्दी स्वस्त झाली आणि त्याबरोबर इथला पुठ्ठाही बसला.

व्यापाऱ्याला संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. दुकान सांभाळणारे दादा म्हणाले, "नवे दर फळ्यावर लिहून टाकू, सभा रविवारी घेऊ." पडत्या भावात माल अंगावर ठेवणं म्हणजे रोजचा तोटा, त्यामुळे त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण बाजाराने घाई केली की सगळ्यात आधी सभा पुढे ढकलली जाते, आणि एकदा ढकलली की तसाच पायंडा पडतो. काट्याजवळच्या मावशी फळ्यासमोरून हलल्याच नाहीत. "आधी आमाला विचारा, दादा. आमच्या पोटाचा भाव हाय त्यो."

दुपारी माल घेऊन बाया येत गेल्या, तशा दारातच बसल्या. मी वही मोठ्याने वाचली. खरेदीचा दर, विक्रीचा दर, जागेचं भाडं, हमाली, शिल्लक. टेम्पोच्या भाड्याचा आकडा त्यांनी पुन्हा वाचायला लावला. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. पिशवी मुठीत चुरगाळून नुसत्या आवाजावरून ती कुठल्या मालात जाईल हे सांगणाऱ्या या बायांना हिशेब कळत नाही, असं म्हणणारे लोक अजून भेटतात. मला संताप येतो.

अडलं ते पातळ पिशवीवर. ती बंद केली असती तर बाकीच्या मालाला दोन पैसे जास्त देता आले असते. पण दारोदार फिरणं न झेपणाऱ्या म्हाताऱ्या कचराकुंडीवर तेवढीच वेचायच्या. एका तरुण बाईने सरळ विचारलं, "माझीबी पोरं हायेत. मी का सोसू?" तिला कुणी गप्प केलं नाही. एका म्हातारीने तिच्याकडे बघून एवढंच सांगितलं, "तुझं खरं हाय, पर मी उद्या काय आणू?"

वाद लांबला. शेवटी हात वर झाले. पिशवी घ्यायची आणि साठवायची, तिचा तोटा यंदाच्या बोनसमधून भरायचा, पुठ्ठ्याचा दर मात्र सगळ्यांना सारखाच कमी. त्या तरुण बाईचा हात विरोधात होता, तोही मी इतिवृत्तात नोंदवला.

व्यापाऱ्याला उत्तर गेलं तेव्हा दिवे लागले होते. उठायच्या आधी मावशींनी आणखी एक ठराव लिहून घ्यायला लावला: यापुढे बैठक झाल्याशिवाय फळ्यावरचा दर पुसायचा नाही, मग फोन कुणाचाही येवो.