‘एकातून वजा करा’ एवढ्यावर भागत नाही: रेझिस्टन्सच्या नकाशाचा माझा अनुभव

तुकड्यातुकड्यांनी उरलेल्या गवताळ पट्ट्यांतली फुलपाखरं एकमेकांत मिसळतात का, हा माझा प्रश्न. किती मिसळली ते जनुकं सांगतात, कुठून मिसळली असतील त्याचा अंदाज अधिवासाच्या मॉडेलवरून येतो. नमुने, डीएनए, सिक्वेन्सिंग, एफएसटीचे आकडे (दोन ठिकाणच्या फुलपाखरांत जनुकीय फरक किती, त्याचं माप), मॅक्सएंट या सॉफ्टवेअरमधलं अधिवासाचं मॉडेल हे सगळं वेळखाऊ होतं, पण पार पडलं. त्यावर फार लिहीत नाही.

अडलं ते या दोन्हींची सांगड घालताना. मॅक्सएंटच्या नकाशात प्रत्येक चौकोनाला ० ते १ मधला आकडा असतो: ही जागा या कीटकाला कितपत मानवते. ठिकाणाठिकाणांमधलं अंतर अडथळे धरून मोजणाऱ्या सर्किटस्केप या सॉफ्टवेअरला हवा असतो रेझिस्टन्सचा, म्हणजे अडथळ्याचा नकाशा: इथून पार होताना कितपत अडेल. ते अंतर मग एफएसटीशी जुळतं का ते बघायचं. २००६ मध्ये मॅक्रे या संशोधकाने मांडलेली यामागची कल्पना मला फार आवडते. भूभाग म्हणजे विजेचं सर्किट, आणि दोन ठिकाणांमधल्या सगळ्या वाटा एकदमच हिशेबात धरायच्या. पण पहिल्या नकाशातून दुसरा काढायचा कसा? ज्याला विचारावं तो म्हणणार, ‘प्रत्येक आकडा एकातून वजा कर.’ शोधनिबंधांतही हे एका ओळीत उरकलेलं असतं. त्या एका ओळीचा मला अजून राग आहे.

कारण राहणं वेगळं आणि ओलांडणं वेगळं. नांगरलेल्या शेतात फुलपाखरू अंडी घालणार नाही, पण सरळ रेषेत उडून ते पार करेल. उलट चांगल्या गवतात ते रेंगाळतं, वळतं, फुलाफुलावर थांबतं. शिवाय वजाबाकीचं गणितही लेचंपेचं. ०.६ ची जागा ०.४ होते, ०.२ ची ०.८, म्हणजे बरी जागा आणि वाईट जागा यांच्यात फरक जेमतेम दुपटीचा. अशा नकाशावरून काढलेलं अंतर जवळपास साध्या अंतरासारखंच निघतं. माझंही तसंच निघालं, आणि एवढं मॉडेल केलं कशाला असं झालं.

मग वक्र रूपांतरं करून पाहिली: जागा मध्यम असेपर्यंत रेझिस्टन्स कमीच ठेवायचा आणि अगदी वाईट जागीच झपकन वाढवायचा. कमाल किंमत १०, १००, १००० अशी बदलत गेलो. संगणक रात्रभर घरघरत राहायचा आणि सकाळी मेमरी संपल्याचा संदेश. (चौकोन थोडे मोठे केले की सुटतं.) शेवटी मध्यम वक्राचा नकाशा साध्या अंतरापेक्षा स्पष्टपणे सरस ठरला, तेव्हा खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो.

‘सरस’ म्हणजे एफएसटीशी जास्त जुळणारा. ते ठरवायला सगळ्या चौकोनांना १ किंमत देऊन एक सपाट नकाशाही चालवायचा. त्याच्याशी तुलना नसेल तर बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही. आणि २० ठिकाणांच्या १९० जोड्या होतात म्हणून हुरळू नका. प्रत्येक ठिकाण १९ जोड्यांत येतं, त्या जोड्या एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. अंतरांचे दोन तक्ते जुळतात का ते बघणाऱ्या नुसत्या मँटेल चाचणीवर विसंबू नका, जोड्यांचं हे परस्परावलंबन हिशेबात धरणारं एमएलपीई मॉडेल वापरा.

हे आधीच सांगायला हवं होतं: मॉडेलला पुरवायचे हवामानाचे तयार थर (नकाशे) सहसा बारीकात बारीक म्हणजे साधारण १ किमीच्या चौकोनांचे. त्यात बांधावरची झुडपं दिसतच नाहीत, आणि छोटं फुलपाखरू तर त्यांच्याच आधाराने सरकतं. सेंटिनेल-२ उपग्रहाचं १० मीटरचं चित्र घ्या. मायटोकाँड्रियाच्या एकट्या जनुकावर निष्कर्ष काढू नका. कीटकांच्या पेशींत राहणाऱ्या वोल्बाखिया जिवाणूमुळे ते चित्र पार बिघडू शकतं. एफएसटीत अनेक पिढ्यांचा इतिहास साठलेला असतो, त्यामुळे नव्या रस्त्याचा परिणाम त्यात इतक्यात दिसणार नाही. जुना भू-वापर नकाशा मिळाला तर तोही चालवून बघा.

आणि डीएनएसाठी एक पाय पुरतो. चिमट्याने काढून इथेनॉलच्या नळीत टाका, फुलपाखरू सोडून द्या. आतली चिठ्ठी मात्र पेन्सिलीनेच लिहा, शाई इथेनॉलमध्ये विरघळते.